नाताळाचा कोटा

३ नोव्हेंबर
डॉ.नी यांची केमो बंद केली. यांना बाहेर बसवून मला सांगितलं, "आता घरी न्या. मागतील ते द्या." रिक्षाने परत निघालो. खडकी बाजार आला तसे हे म्हणाले, "भाजी घ्यायचीय का?" नको म्हटलं. घरी येऊन बघते तर एक कांदासुद्धा नाही.

५ नोव्हें.
सकाळी चहा घेताना यांचं फर्मान. "मिलिटरी कँटीनमधून या महिन्याचा कोटा आण. रम, आणि तुम्हा बायकांना ती गोड वाइन. नाताळासाठी."
"नाताळ पुढच्या महिन्यात. तेव्हाचा कोटा तेव्हा."
"कार्ड माझ्या नावावर आहे. मी गेलो की तुझ्या नावावर करायला कागद नाचवत बसशील. नाताळाला लोक येतील, त्यांना काय सरबत पाजणार?"
जसा काही गॅसचा नंबर लावायचाय! कप आपटला मी. कान तुटला. आणणार नाही म्हणजे नाही.

७ नोव्हें.
कालपासून अबोला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत. नाताळाचा पत्ता नाही आणि आमची भांडणं. हे जेवलेही नाहीत. हरले मी.

८ नोव्हें.
कँटीनला गेले. काउंटरवरचा ओळखीचा. "काय बाई, आत्तापासून? हवालदारसाहेबांना म्हणावं, जरा दम धरा."
म्हटलं, "तोच तर धरवत नाही त्यांना."
तो हसला. मीपण हसले. त्या बिचाऱ्याला काय माहीत. रिक्षात मात्र रडू आवरेना, बाटल्या मांडीवर घट्ट धरून.

१५ नोव्हें.
ग्रेस आली वारज्याहून. पीठ काढायला कपाट उघडलं लेकीने, बाटल्या दिसल्या. खरं काय ते सांगितलं. तिथंच ओट्याला टेकून खाली बसली. "म्हणजे आई, बाबा जाणार हे तूसुद्धा धरून चाललीस?"
आणताना धरूनच चालले होते. स्वतःशी तरी खोटं का बोलू?

२३ नोव्हें.
आज जरा बरे होते. पेज खाल्ली, पेजेला शिव्या घातल्या. मग म्हणाले, "एक फोड गं. घोटभर दे."
"नाताळाला."
"अगं, नाताळापर्यंत मी..."
"नाताळाला म्हटलं ना! तोवर बुचाला हात लावायचा नाही."
बघत राहिले माझ्याकडे. मग हसले. "बरं बाई. थांबतो."
मागतील ते द्या म्हणे. नाही देणार. मी दुष्ट तर दुष्ट.

२ डिसें.
पाणीही चमच्याने. फादर प्रार्थना करून गेले, यांनी ओळखलं नाही. श्वास घेताना सगळं अंग हलतं. ग्रेस रजा काढून येतेय उद्या...

५ डिसें.
दुपारी एकदम स्वच्छ डोळे उघडले. माझा हात धरला.
"नाताळ आला का?"
"नाही हो. अजून वेळ आहे."
"अजून?" एवढंच म्हणाले, आणि तोंड असं केलं, की मलाच बघवेना. लांबून चालत आलेल्या माणसाला कुणी गाव अजून पुढे आहे म्हणून सांगावं, तसं.
ग्रेस म्हणते, "आई, आला म्हणून सांग ना. दे त्यांना घोटभर."
आला म्हटलं तर मग थांबायचं कशासाठी? हे कळत नाही का पोरीला? की कळतंय, म्हणूनच म्हणतेय?
बाटली टेबलावर काढून ठेवलीय. फोडलेली नाही. जागे झाले की परत विचारतील.