टरबूज-लिंबाचं सरबत

घुग्घुस, १२ मे

प्रिय आई,
जयभीम. मी मजेत आहो, वेळेवर जेवतो.

खदानीत डंपर शिकवणारे खुशालभाऊ म्हणत, "पोरीले जमत नाई." परवा तेच उन्हानं गरगरून खाली बसले. मी बाटलीत तुह्यासारखं सरबत नेलं होतं. टरबूज कुसकरून गाळलेलं, त्यात लिंबू, काळं मीठ अन् भाजलेलं जिरं. सावलीत बसून ते घोट घोट पेले, मंग म्हणे, "कोणं शिकवलं?"

"माह्या मायनं."

आज ते डंपरातून उतरले अन् सगळ्याईसमोर म्हणाले, "रिना आता एकटी चालवते." आई, भरलेला डंपर मी एकटीनं खदानीतून वर आणला. चढावावर डंपर मंदावला, पण थांबलो नाई.

धूळ लय आहे, रुमाल बांधतो. बाबाचा गुडघा कसा आहे? त्याईले हे दोनदा वाचून दाखव.

तुही डंपरवाली,
रिना