पिठलं-भाताचा डबा

डहाणू, ८ जानेवारी २०२४

प्रिय मनू,

स. न. वि. वि.

फोनवर तू मजेत असतेस, म्हणून पत्र लिहिते. कागदावर खोटं लिहायची तुझी हिंमत शाळेत सिस्टरसमोर झाली नाही, आता कुठून होणार! सुदर्शन सांगत होता, चार महिने झाले, आईनं बाबांचं नावही काढलेलं नाही. त्याला वाटतं तू रडशील, तुला वाटतं तो रडेल. मायलेक दोघंही शहाणे!

तलासरीच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी कविता ठाण्यात नर्स आहे. तिकडे वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी चारला, ज्यांचं माणूस गेलंय ते जमतात आणि बोलतात. मी तुझं नाव दिलंय. दादा गेला, आता मैत्रीणही घालवू का?

चिकू पाठवलेत. तांदळात पुरून ठेव, फ्रीजमध्ये नको. लोभही तसाच उबेत ठेव.

आधी मैत्रीण, मग नणंद,
निर्मला


ठाणे, २१ जानेवारी २०२४

प्रिय निर्मल,

स. न. वि. वि.

काल गेले बाई, आणि हसं करून घेतलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तिथे डबा न्यायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. मी चौदा माणसांचा पिठलं-भात घेऊन गेले! सूनबाईनं, श्रुतिकानं, विचारलंसुद्धा, आई, सहल आहे का म्हणून. तिथे बघते तर गोलात खुर्च्या, बशीत बिस्किटं, आणि कुणाचं माणूस जाऊन दोन वर्षं झालेली, कुणाचं पाच. डबा खुर्चीखाली लपवत होते, पण पिठल्याचा वास लपतो का? कविता म्हणाली, काकू, आता उघडाच.

एक गुजराती काका पहिला घास घेऊन थांबले. म्हणाले, बायको गेली त्या दिवशी बिल्डिंगमधून कुणी काही आणलं नाही. मुलानं मोबाईलवरून पिझ्झा मागवला, तो तसाच राहिला. मग जो तो आपापल्या त्या दिवसाबद्दल बोलू लागला. मीही बोलले. आमच्या गोपीनाथना पिठल्यात लसूण जास्त लागायचा, असं चक्क नाव घेऊन सांगितलं. रडले, आणि पुन्हा भात वाढून घेतला.

घरी येऊन सुदर्शनलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, लसूण नव्हे, मिरची. तासभर भांडलो! चिकू सगळे एकदम पिकलेत. लोभ मात्र पुरवून पुरवून कर.

तुझी,
मनू


डहाणू, ३० जानेवारी २०२४

प्रिय मनू,

स. न. वि. वि.

पत्र वाचून एकटीच खो खो हसले. वहिनीबाई, लसूणच! सुदर्शनला सांग, आत्याची साक्ष आहे.

इकडे सगळं ठीक. दादाची सायकल रोज पुसते, चालवत कुणी नाही. त्या दिवशीचा आपल्याकडचा पिठलं-भात मलाही आठवला. शेजारच्या संगितानं आणला होता. तुला नि सुदर्शनला बळेबळे भरवलं, आल्यागेल्यांना वाढलं, मग भांडी घासली. मी जेवले का, ते काही आठवत नाही. कुणी विचारलं असेल. बहिणीकडे कोण बघतं म्हणा, सगळे बायकोपाशी बसतात, आणि बरोबरच आहे ते. जाऊ दे. बागेत मोगऱ्याला पालवी फुटलीय.

माझ्यावरचा राग-लोभ दोन्ही चालू ठेव.

तुझी,
निर्मला


ठाणे, ५ फेब्रुवारी २०२४

प्रिय निर्मल,

स. न. वि. वि.

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माझा नवरा गेला तेव्हा तुझा दादा गेला, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. चाळीस वर्षांची मैत्रीण म्हणवते, आणि ही अक्कल!

परवा कविताला सांगितलं, ह्या शनिवारची बैठक डहाणूला. काका येतायत, आणखी तिघी येतायत. डब्याची काळजी नको, लसूण मी इथूनच सोलून आणते. सुदर्शन सायकलच्या चाकात हवा भरणार आहे.

तू फक्त पाट मांड आणि आमच्या आधी जेवायला बस. शनिवारी गॅस पेटवायचा नाही. चहालासुद्धा नाही.

तुझी,
मनू