रोडेलचं ब्लडप्रेशर

९ सप्टेंबर
कंपनीच्या मेडिकलचा रिपोर्ट आला. बीपी १५२/९६. कोलेस्टेरॉलपुढे लाल बाण. डॉ. हमदुल्ला म्हणाले, नवीन वर्षापर्यंत मुदत देतो. चाला, तळलेलं आणि गोड बंद करा. नाही उतरलं तर गोळी, आणि ती आयुष्यभर. मी म्हटलं, गोळीचा प्रश्नच येत नाही. गोळी बाबा घ्यायचे, तरी त्रेपन्नाव्या वर्षी हार्टने गेले. मी एक्कावन्न आहे. पण माझी बॉडी आईच्या वळणावर गेलीय.

शेजारच्या टेबलावरच्या रोडेलचा रिपोर्टही बघितला. उघडा होता. म्हणजे मी पाकीट उघडल्यावर. ११८/७६. वय चोपन्न! दोन्ही वेळा भात. फिलिपिनो लोकांचा ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होतो, त्यामुळे गडी अबुधाबीत, मुसफ्फाच्या चाळीस डिग्रीत ख्रिसमसची गाणी गुणगुणत फाइली लावतोय. मला हेवा वाटत नाही. लॅबची चूक असणार.

१० सप्टेंबर, सकाळी ५.३०
संकल्प. रोज रीम आयलंडच्या किनाऱ्याने पाच किलोमीटर.

५.५०
बाहेर फार दमट. हार्टला चांगलं नाही. उद्यापासून मॉलमध्ये चालणार.

१४ सप्टेंबर
मॉलमध्ये २,१०० पावलं. फूड कोर्टला जाताना-येतानाची धरून.

३ ऑक्टोबर
रोडेलने ऑफिसात बिबिंका आणला. तांदळाचा केक, वर चीज. तांदूळ म्हणजे आपलंच. एकच खाल्ला. नंतर अजून एकच.

२२ ऑक्टोबर
दिवाळीच्या फराळाला रोडेलला बोलावलं. बायकोचा, अनुपमाचा आग्रह. पठ्ठ्याने एक चकली खाल्ली आणि अर्धा तास किचनमध्ये तिच्याशी बोलत उभा. मी सोफ्यावर, चकल्यांचा डबा घेऊन. काय बोलत होता विचारलं तर म्हणाली, रेसिपी. मुग्धा म्हणाली, बाबा, ही इज सो फिट. कार्टीला त्याच्याहून चार लाडू जास्त पचवणारा बाप दिसत नाही.

५ नोव्हेंबर
आमटीत मीठ नाही. भाजीत तेल नाही. अनुपमाला विचारलं, तर म्हणे रोडेलने असंच करायला सांगितलंय. आता माझ्या घरात आमटीसुद्धा रोडेल म्हणेल तशी! निषेध म्हणून ऑफिसात दोन समोसे.

२० नोव्हेंबर
ऑफिसात मोनितो-मोनिता. फिलिपिनो पद्धत. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. प्रत्येक आठवड्याला विषय ठरलेला. पहिला विषय, हातावर बांधायची वस्तू. माझ्या चिठ्ठीत कोण? रोडेल! देव आहे.

लोक घड्याळ, ब्रेसलेट देतील. मी देणार बीपीचं मशीन. हातावरच बांधतात. सगळ्यांसमोर लावायला लागेल आणि त्या ११८/७६ चं पितळ उघडं पडेल.

२७ नोव्हेंबर
लावलं. ११६/७४. टाळ्या. रोडेलच्या डोळ्यांत पाणीबिणी. म्हणाला, ज्याने कोणी दिलं त्याला थँक्यू, रोज वापरीन. मग एचआरच्या बाईंना हुक्की आली, सगळ्यांचं घ्यायचं. माझं १६०/९८. मशीनचा पट्टा मस्क्युलर दंडावर नीट बसत नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

३० नोव्हेंबर, सकाळी ६.१५
अनुपमाच्या फोनवर रोडेलचा मेसेज. स्क्रीनवर मला नुसता एक लाल बदाम दिसला.

१ डिसेंबर, सकाळी ६.१५
परत बदाम.

४ डिसेंबर
रोज बदाम! लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी कधी बदाम पाठवला नाही. गरज काय, शेजारीच तर झोपतो. विचारलं. म्हणाली, तुझ्याच भल्याचं आहे. माझ्या भल्यासाठी माझ्या बायकोला बदाम? छातीत धडधड. सबब आज चाललो नाही.

१९ डिसेंबर, दुपारी १२
ऑफिसची ख्रिसमस पार्टी. प्लॅन पक्का. घरून काकडी खाऊन निघालो. लहान प्लेट घेणार. एकच राउंड. मग खलास.

दुपारी १.३०
रोडेलची प्लेट डोंगराएवढी! लुंपिया, म्हणजे तळलेले रोल, किमान पंधरा. नूडल्स, चिकन, वर लेचे फ्लान, ते दहा अंड्यांच्या बलकाचं कस्टर्ड. हा एवढं खाऊन ११६/७४? मग मी काय घोडं मारलंय?

दुपारी २.१५
सोळा लुंपिया. त्याच्याहून एक जास्त. फ्लान तीन. दूध आणि अंडी, प्रोटीनच.

दुपारी ३
रोडेलने कराओके म्हटलं. स्कोअर ९७. नाचलापण. मला ६१ मिळाले. मशीनला मराठी उच्चार कळत नाहीत. छातीत काहीतरी

२० डिसेंबर
काल लिहिता लिहिता छातीत दुखायला लागलं. घाम. बाबांनाही असंच झालं होतं, आणि आम्ही डॉक्टरला फोन करत बसलो. काल मी खरंच घाबरलो. मुग्धाला अजून गाडी चालवायला शिकवायचंय.

रोडेलने मला उचलून गाडीत घातलं. इमर्जन्सीत शिरताच सगळ्या नर्सेस, कूया रोडेल, कूया रोडेल! कूया म्हणजे मोठा भाऊ. एकीने विचारलं, स्टेंट काय म्हणतोय?

स्टेंट! दोन वर्षांपूर्वी तो महिनाभर नव्हता ना, तेव्हा. मी तेव्हा त्याच्या लांब रजेचा हेवा केला होता. सात वर्षं शेजारी बसतो आणि मला पत्ता नाही. अनुपमाला दिवाळीपासून माहीत. पार्टीची प्लेटही त्याची नव्हतीच. गेटवरच्या रामेश्वरसाठी आणि लेबर कॅम्पात राहणाऱ्या वेल्डर लोकांसाठी तो बांधून नेतो. दरवर्षी नेतो. स्वतः एक लुंपिया खातो आणि उरलेला वेळ नाचतो.

माझा ईसीजी नॉर्मल. गॅस. पण बीपी १७०/१०४, म्हणून गोळी आजपासून. नवीन वर्षापर्यंतही थांबले नाहीत. त्याला स्टेंट, मला गॅस. त्यातही तोच वरचढ.

२१ डिसेंबर
रोडेल संध्याकाळच्या फ्लाइटने गावी, इलोइलोला गेला. जाताना मशीन माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, सर दत्ता, पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हीच दिलंत. माझी एवढी काळजी ऑफिसात कोणीच केली नाही. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

२८ डिसेंबर, सकाळी ७
आठवडाभर गोळी घेतलेली नाही. कुंडीत टाकतोय. विलपॉवरनेच उतरवायचं. बीपी १५६/९६. पण मशीनमध्ये जुनी रीडिंग्ज साठतात असं आत्ताच कळलं. बटण दाबलं तर ११४/७२. सुंदर आकडा. अनुपमाला दाखवायला काय हरकत आहे? तिला बरं वाटेल.

सकाळी ७.२०
दाखवलं. अनुपमाने शांतपणे आपला फोन काढला. रोडेलचे मेसेज. रोज सकाळी एक रीडिंग, पुढे लाल बदाम, आणि खाली एकच प्रश्न, सर दत्तांचं किती? तिने मला २१ तारखेचा मेसेज दाखवला. ११४/७२. म्हणाली, हे त्या दिवशी सकाळी सहा दहाला घेतलंय, तेव्हा तू घोरत होतास. आणि कुंडीतली तुळस का सुकली तेही आता कळलं.

मग ती रडली. इतकी वर्षं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

सकाळी ७.४०
गोळी घेतली. तिच्यासमोर, पाण्याबरोबर. खरं रीडिंग तिने रोडेलला पाठवलं, १५६/९६. मिनिटभरात त्याचं उत्तर आलं.

या वेळी बदाम मला होता.