एक पान परिस्थिती

२८ जून १९९६, धावडा
सरांनी फॉर्म आणून दिला. औरंगाबादचं मुलींचं वसतिगृह, अकरावी-बारावी सायन्स, राहणं-जेवण फुकट. शाळेत पहिली आले म्हणून सर स्वतः एस.टी.ने जाऊन घेऊन आले. मला भरून आलं. सगळे रकाने पटापट भरले. शेवटी मात्र अख्खं एक पान कोरं: घरची परिस्थिती व आलेल्या अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहा. तिथे पेन अडलं.
सर म्हणाले, "खरी परीक्षा ह्या पानाची. तुझ्याएवढे मार्क बऱ्याच जणींना असतील. वडिलांच्या हाताचं लिही, चांगलं विस्तारानं."
हो म्हणून आले. लिहिता येईना.

२९ जून
नंबर लागला नाही तर पुढे काय ते ठाऊक आहे. रोज जाऊन-येऊन सायन्स होत नाही, आणि आत्या तीर्थपुरीचं स्थळ घेऊन बसलीच आहे. मुलगा चांगला आहे म्हणे. असेल. त्याला माझ्या शुभेच्छा.
म्हणजे लिहायला तर हवं. पण काय? आबांचा उजवा हात मागच्या उन्हाळ्यात ज्वारीची मळणी चालू असताना हडंब्याच्या यंत्रात गेला, कोपरापर्यंत. झाली एक ओळ. त्या हाताला पेरणीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. तिफणीमागून चालत चाड्यात बी सोडावं तर आबांनी. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. आता त्याच हातावर वसतिगृहात जागा मागायची...

१ जुलै
सरांनीच लिहून दिलं. "नियतीच्या क्रूर घाल्याने पंगू झालेले बिचारे पिता, अहोरात्र अश्रू ढाळणारी माता आणि अंधारात चाचपडणारी मी अभागिनी." आधी हसू आलं, मग राग. माय अश्रू ढाळत नाही, दुसऱ्याला ढाळायला लावते. आणि अंधार म्हणाल तर लाइट जाते खरी, पण ती सगळ्या गावाची जाते.
सर मनाने सोन्यासारखे. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं लिहून लिहून हात तसा वळलाय, एवढंच.

२ जुलै
आबांना वाचायला दिलं. त्यांच्याविषयी लिहायचं आणि त्यांच्यापासूनच लपवायचं, हे मला जमलं नसतं. चौथी पास आहेत, पण भिंतीवरची जाहिरातसुद्धा सोडत नाहीत. दोनदा वाचलं.
"लय भारी लिव्हलंय," म्हणाले. "कोन हाये ह्यो माणूस? आपल्याच गावचा का?"
माय चुलीपासून ओरडली, "रडून मागायचं आसंल तर नगं मला ते कालेज!" जसं काही तिलाच जायचंय.
आबा म्हणाले, "आगं, अर्ज हाये. मागावं तर लागंलच." मग जरा वेळाने मला, "हात गेला हे लिही. गेलाच हाये. बाकी आपलं काय गेलं न्हाई."
मी उगीच पाणी आणायला बाहेर गेले.

४ जुलै
बाजरी उगवून आली. बांधावर उभी राहून ओळी बघत बसले, कामधाम सोडून. माय म्हणाली, दृष्ट लावशील.
आमच्यात पेरणीची पहिली मूठ घरच्या कर्त्याने धरायची. मागच्या वर्षी काकाने हात पुढे केला तर आबांनी बी माझ्या ओटीत घातलं. काका चिडला. बैल त्याच्याकडेच होते. मुद्दाम भरभर हाकले, मी मागून धापा टाकत. पाराजवळची माणसं म्हणाली, पोरीची पेरणी, पाखरांची चंगळ. यंदा तोच काका दारात, "आमच्या वावरात बी ये की गं चाड्यावर." गेले. थोडी मिजास केली. आधी चहा मागितला.
आता ही अडचण म्हणायची का? मला तर हे सांगताना छाती फुगल्यासारखी होते.
घरी येऊन एका दमात लिहिलं: वडिलांचा उजवा हात मळणी यंत्रात गेला. तेव्हापासून आमची पेरणी मी करते. वडिलांनी शिकवलं. दोन्ही वर्षं उगवण चांगली आहे.
बाकी पान कोरं. सर म्हणाले, "पान वाया घालवलंस, पोरी." पण सही-शिक्का दिला.

१६ जुलै
मुलाखतीला बोलावलं, पालकासह! परवा जायचं. आत्याचा निरोप: जुना ड्रेस घाल, आबांना फाटका सदरा घाल, म्हणजे त्यांना दया येईल. (एकीकडे स्थळ आणते, एकीकडे हे. आत्या पण ना.) माय म्हणाली, परगावी असं जातात का? आपल्याकडे चार माणसांत जायचं तर घरातलं सगळ्यात चांगलं ते अंगावर. ट्रंकेतून कोरं धोतर निघालं, फेटा निघाला. काकाने स्वतःचं घड्याळ काढून दिलं. उजव्या बाजूवर उपरणं. आबा नवरदेवाच्या बापासारखे दिसतात.

१८ जुलै
झाली. कशी, ते कळत नाही.
माझ्या आधीची मुलगी डोळे पुसत बाहेर आली. तिचं खरंच असेल. मी आत गेले, मागून आबा. टेबलामागे तिघं. मधल्या बाईंनी माझ्या चार ओळी वाचल्या. मग आबांकडे पाहिलं, फेट्यापासून कोऱ्या धोतरापर्यंत, घड्याळावर जरा जास्तच.
"अर्जावरून वाटलं तसं काही दिसत नाही. परिस्थिती तर चांगली दिसते तुमची."
उपरणं नुसतं बाजूला केलं असतं तरी पुरे होतं. शब्द माझ्या ओठावर आले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले.
मग तेच बोलले, "चांगलीच हाये, बाई. पोरगी पयली आली."
बाईंनी काहीतरी लिहिलं. या म्हणाल्या.
येताना एस.टी. राजूरला थांबली. तिथे आबांनी पेढे घेतले. कशाचे, विचारलं नाही मी. खाल्ले.

२१ जुलै
यादी परवा लागणार. सर बघून येणार आहेत. माय दिवसभर भांडी आदळतेय.
आज बाजरी निंदताना आबांना शेवटी विचारलं, "तिथं उपरणं काढायला पायजे होतं का आपण?"
"तू नुसती मान हलवली आसती तर काढलं आसतं. म्हनून तर तुझ्याकडं बघितलं."
मला वाटलं होतं, ते मला गप्प राहा म्हणताहेत. ते तर विचारत होते. तीन अनोळखी माणसांपुढे काढून दाखवायला तयार होते, माझ्यासाठी. तो हात वर्षभरात मायशिवाय कुणाला दाखवलेला नाही.
मी मान हलवली नाही. नाव नाही आलं तर आत्याशी भांडीन, सरांपुढे रडेनसुद्धा, पण ह्याचं वाईट वाटून घेणार नाही. आबांना तसं सांगितलं.
"मंग झालं," म्हणाले, आणि पुढच्या ओळीला लागले.
हे आजचं. परवा सर एस.टी.तून उतरतील तेव्हा काय वाटेल, ते मला सांगता येत नाही.