पंगतीतलं अधिष्ठान

चारू,

तुझ्या साखरपुड्याला मी पारोळ्याला जेवायला आलो नव्हतो. आपल्या दोघांचे फोटो भर पंगतीत तुझ्या नवरदेवाला दाखवायला आलो होतो. तुझं लग्न जमल्याचं कळताच कॉलेज सोडून दिलेला माणूस मी, डोकं किती तापलं असेल ते तुला सांगायला नको.

समोरच्या रांगेत नवरदेव दिसला, आणि धुळ्याच्या विहारातले भंते आठवले. हल्ली मी त्यांच्याकडे ध्यानाला बसायला जातो. ते म्हणतात, "राग आला की ठरवायचं, तो जाईपर्यंत हात हलवणार नाही. नुसता श्वास बघायचा. हेच अधिष्ठान." म्हटलं, बघू. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले.

आता ताटावर हात आडवा धरला नाही तर वाढणारा थांबतो का? तुझा भाऊ कुंदन बट्ट्या वाढतच राहिला. शेवटी ओरडला, "काय रे भूषण, कॉलेज सोडं, पन भूक नही सोडी वाटस!"

पंगत हसली. डोळे उघडले तर ताटात बट्ट्यांचा डोंगर. मलाही हसू फुटलं, आणि राग शोधला तर सापडेना.

अन्न टाकायचं नाही, म्हणून सगळं खाल्लं. ठसका लागला तेव्हा नवरदेवानेच तांब्या पुढे केला. "सावकाश, भाऊ," म्हणाला. चांगला आहे गं.

परतताना एसटी स्टँडवर बसून मोबाइलमधले ते फोटो पुसून टाकले. हे पत्रही पाठवणार नाही. पाठवलं तर उत्तराची वाट बघत बसेन, आणि आज कितीतरी दिवसांनी मी कशाचीच वाट बघत नाहीये.

तुझा नव्हे, नुसता,
भूषण