फुगा वर, फुगा खाली

३ मार्च
चालला! हातमोज्याच्या पाचही बोटांचे सेन्सर एकदाचे नीट आकडे देताहेत. मूठ आवळली की पडद्यावरचा फुगा वर, उघडली की खाली. काटे चुकवायचे, बस. उद्यापासून आईच्या डाव्या हातात. पक्षाघातानंतर तो हात मांडीवर नुसता पडून असतो – कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

फिजिओबाई म्हणाल्या, "मेंदू नवी वाट काढतो, पण त्याला रोज जुंपावं लागतं. कंटाळल्या की संपलं." म्हणून खेळ.

बाबा: "मेंदू बदलतो म्हणे. बदलतोच. नासतो. तुझ्या दादाचं अख्खं वर्ष गेलं त्या खेळांपायी. आता आईलाही व्यसन लाव." मेंदू बदलतो हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, सध्या एवढं पुरे.

५ मार्च
फुगा जागचा हलला नाही. आई म्हणाली, "पंक्चर आहे गं तुझा फुगा."

१२ मार्च
आलेख चढतोय! ऑफिसात फोनवर पाहिला, पुन्हा पाहिला. सकाळी जेमतेम, दुपारी जोरदार. दुपारी हात मोकळा होत असावा. फिजिओबाईंना पाठवला. पुढच्या शुक्रवारी मोठे डॉक्टर ठरवणार आहेत – या हातावर मेहनत घेत राहायचं, की सोडून द्यायचं. आता कसले सोडतात!

१७ मार्च
दुपारीच घरी आले. आई खुर्चीत. शेजारी बाबा, जीभ दातांत धरून. हातमोजा त्यांच्या हातात.

"अहो, ती आलीये."

"थांब. एवढा काटा चुकवू दे."

बाबा डावखुरे आहेत. जन्मापासून पाहतेय मी हे.

आई म्हणाली, "मला डुलकी लागली की घेतात. मागितला की म्हणतात, हा शेवटचा. कालपासून माझा नंबरच लागला नाही."

मी हातमोज्याची नोंद ठेवली. तो कुणी घातलाय, हे विचारायची सोयच केली नाही. घरात आजारी डावा हात एकच, म्हणून. रोज आलेख पाहिला, आईचा हात एकदाही हातात घेतला नाही.

फिजिओबाईंना कळवलं – आकडे रद्द. त्या म्हणाल्या, "अरेरे. शुक्रवारी या तरीही."

दादाला फोन केला. तो इतका हसला की मलाही हसू आलं. म्हणाला, "बाबांना सांग, आधी अभ्यास."

१९ मार्च
संध्याकाळी दारातच थांबले. बाबा खेळत होते. आई चहा पीत त्यांच्याकडे बघत होती.

"द्या आता."

"हा शेवटचा."

"शेवटचा परवाच झाला."

आणि तिने त्यांच्या बोटांवरून हातमोजा ओढून काढला. "सरका तिकडे."

बाबा कुरकुरत सरकले. दोघांच्याही काही लक्षात आलं नाही. तिच्या उजव्या हातात चहाचा कप होता.