बिनदांड्याची सायकल

१८ नोव्हेंबर २०१८

प्रिय अर्पिता,

तू पाठवलेलं सायकलला लावायचं मोटरचं चाक पोचलं. कापसाच्या ढिगाशेजारी ठेवून वर जुनी साडी टाकली आहे. तुझे बाबा रोज ती साडी उचलून बघतात आणि परत झाकतात, नव्या नवरीचा पदर सरकवावा तसे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मागच्या वर्षी फवारणीत त्यांना विषबाधा झाली, तेव्हापासून घोट्याखाली काही कळत नाही. चप्पल पायात आहे की अंगणातच राहिली, हे ते खाली बघून ठरवतात. आताशा पाय वरही उचलत नाही. वर्ष झालं, वावरात गेलेले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून जायला तयार नाहीत, आणि मोटरसायकलचा गिअर तर पायानेच टाकायचा. म्हणून पायडल न मारता चालणाऱ्या सायकलची तुझी कल्पना मला पटली. पण चाक आलं तरी सायकल कुठे आहे? आपली जुनी त्यांनी दवाखान्यातून आल्या आल्या शेजारच्या गोपालला देऊन टाकली. त्याने ती कापून तिच्या चाकाचा, ढकलत तण काढायचा डवरा केला. यंदा पावसाळाभर गोपाल तो डवरा घेऊन आपल्या दारावरून जायचा आणि बाबा उठून आत बसायचे. मी मजूर लावते, कापूस वेचून आणते, बोंडअळीने निम्मा खाल्ला तरी आणते. काही वाटत नाही गं. पोळी करपते, वास येतो, उठावंसं वाटत नाही. त्यांचे निदान पायच बधिर आहेत.

काल आम्ही महागावला देवसिंगच्या दुकानात सायकल बघायला गेलो. चाकाचं माप सव्वीस हे तू सांगितलंच होतंस. मोटर पुढच्या चाकात, तेव्हा चाक धरणारा चिमटा लोखंडी हवा, ॲल्युमिनियमचा तुटेल, स्प्रिंगवाला तर नकोच, असं देवसिंग म्हणाला. बॅटरीसाठी मागे दणकट कॅरिअर. या सगळ्यात बसणारी एक काळी सायकल निघाली. बाबांनी हँडल धरलं, ब्रेक दाबून पाहिले, उगाच घंटीही वाजवली. मग बसायची वेळ आली आणि पाय आडव्या दांड्यावरून पलीकडे जाईना. त्यांनी एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने आपलाच पाय उचलला, बियाण्याची पिशवी उचलावी तसा. सायकल कलंडली. देवसिंगने त्यांना आणि सायकलला सावरलं आणि लेडीज सायकल पुढे आणली. तेच माप, तसाच चिमटा, तसंच कॅरिअर, फक्त मधला दांडा नाही. सीट खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकतात. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मले बायकायची सायकल नाही पाह्यजे," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की ते स्पीकर लावून शेजारीच बसतात. म्हणून लिहिते आहे. पत्र मिळालं की रविवारच्या फोनवर त्यांना सांग, की आडवा दांडा असला तर वायर नीट बसत नाही, ही मोटर बिनदांड्याच्याच सायकलला लागते. खोटं आहे, मला ठाऊक आहे. पण तू इंजिनिअर, तुझा शब्द ते मोडत नाहीत. माझा मोडायची त्यांना लग्नापासून सवय आहे. दुकानात काय झालं ते तुला कळलंय, असं मात्र कधी दाखवू नकोस. ते एकटे वावरात गेले आणि एकटे परत आले, तर मला वाटतं, मला रडू येईल. फार दिवस झाले.

रविवारची वाट बघणारी,
तुझीच आई